मतपेटी होती, मत नव्हते

‘निवडणुका होतात ना? मग लोकशाही नाही असे कोणत्या तोंडाने म्हणता?’ हा प्रश्न आम्हां सीमावासीयांना नवा नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचनेची रेघ आमच्या गावांवरून ओढली गेली, तेव्हापासून तो आम्हांस दर निवडणुकीला ऐकविला जातो. तुम्हांला मत आहे, मतपेटी आहे, उमेदवार उभा करण्याची मुभा आहे. आणखी काय हवे? असे विचारणाऱ्यांची समजूत अशी दिसते की, मतपेटी म्हणजे देव्हाऱ्यातील मूर्ती. ती मांडली की घर आपोआप पवित्र झाले. ही समजूत केवळ भाबडी असती तर आम्ही ती हसून सोडून दिली असती. परंतु गेल्या शंभर वर्षांत कित्येक हुकूमशहांनी नेमक्या ह्याच समजुतीवर आपली सिंहासने टिकविली आहेत, आणि त्यांपैकी एकाची सत्ता तर आमच्या चोर्ला घाटाच्या पायथ्यापर्यंत येऊन भिडली होती. तेव्हा ह्या प्रश्नाला एकदा सविस्तर उत्तर दिलेच पाहिजे.

डॉ. सालाझार हे नाव बेळगावच्या जुन्या पिढीला समजावून सांगावे लागत नसे. गोवामुक्तीच्या सत्याग्रहींच्या तुकड्या ह्याच गावातून पुढे जाताना त्या पिढीने पाहिल्या होत्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर ज्याच्या बंदुका चालल्या तो हा सालाझार. पण हाच सालाझार नेमाने निवडणुका घेत असे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? १९२६ च्या लष्करी बंडानंतर पोर्तुगालात लोकसत्ताक राज्य बुडाले. १९३२ मध्ये सालाझार पंतप्रधान झाले आणि १९६८ पर्यंत त्या खुर्चीवरून हलले नाहीत. त्या अवधीत १९३४ पासून १९६५ पर्यंत राष्ट्रीय सभेच्या नऊ निवडणुका झाल्या. नऊही वेळा सर्वच्या सर्व जागा ‘राष्ट्रीय संघ’ ह्या एकमेव सरकारमान्य पक्षाच्या यादीने जिंकल्या. जगातील कोणत्याही लोकप्रिय नेत्याला हेवा वाटावा असे हे यश! ते कसे मिळविले जाई, हेच पाहण्यासारखे आहे.

पहिला धडा १९३३ चा. सालाझार ह्यांनी आपल्या नव्या राज्यघटनेवर जनतेचा कौल घेतला. जे मतदार मतदानास आलेच नाहीत त्यांची मते होकारार्थी धरण्यात आली! जो आला त्याने होकार द्यावा आणि जो घरी बसला त्याचाही होकार समजावा, असा हा न्याय. मौन म्हणजे संमती ही म्हण आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यांत वापरतात. सालाझार ह्यांनी तिच्यावर अख्खे राज्य उभारले.

दुसरा धडा १९४५ चा. महायुद्धात लोकशाही राष्ट्रे विजयी झाली, हिटलर व मुसोलिनी धुळीस मिळाले. वारा फिरलेला पाहून सालाझार ह्यांनी जाहीर केले की, येती निवडणूक स्वतंत्र इंग्लंडातील निवडणुकीइतकीच स्वतंत्र होईल. लोकांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. विरोधकांनी ‘लोकशाही ऐक्य आंदोलन’ उभे केले, निवडणूक पुढे ढकलून मतदारयाद्या नीट करा अशी मागणी केली आणि त्या मागणीखाली हजारो नागरिकांनी सह्या केल्या. सरकारने काय करावे? सह्या खऱ्या आहेत की खोट्या हे तपासण्याच्या निमित्ताने त्या याद्या मागून घेतल्या. पुढे त्याच याद्यांवरून माणसे हेरली गेली. कोणाची नोकरी गेली, कोणामागे गुप्त पोलिसांचा ससेमिरा लागला. विरोधकांनी निवडणुकीवर बहिष्कार घातला. मतदानाचा दिवस ठरल्याप्रमाणे पार पडला आणि सर्व जागा पुन्हा एकदा राष्ट्रीय संघाच्या पदरात पडल्या. त्याच वर्षी गुप्त पोलीस खात्याची ‘पीदे’ ह्या नव्या नावाने पुनर्रचना झाली. निवडणूक स्वतंत्र झाली नाही, पण स्वतंत्र विचाराची माणसे कोण ह्याचा पत्ता मात्र सरकारला घरबसल्या लागला.

तिसरा धडा सर्वांत बोलका आहे. १९५८ च्या अध्यक्षीय निवडणुकीस जनरल उंबेर्तु देल्गादु उभे राहिले. हा मनुष्य एके काळी त्याच राजवटीचा पाईक होता. निवडून आल्यास सालाझार ह्यांचे काय करणार, असे एका वार्ताहराने लिस्बन शहरातील एका कॅफेत त्यांना विचारले. त्यांनी सरळ सांगितले की, अर्थातच मी त्यांना पदावरून दूर करीन. त्या एका वाक्याने देश खडबडून जागा झाला. पोर्तू शहरात माणसांचा पूर लोटला. निकाल लागला तेव्हा अधिकृत आकड्यांप्रमाणे सरकारी उमेदवार अ‍ॅडमिरल तोमाश ह्यांना सुमारे साडेसात लाख आणि देल्गादु ह्यांना सुमारे दोन लाख छत्तीस हजार मते पडली. देशाची वस्ती नव्वद लाखांच्या घरात आणि मोजलेली मते दहा लाखांच्या आसपास! अशिक्षित गरिबाला मताचा अधिकार मिळणे दुरापास्त, मतदारयादी सरकारच्या हातात, वृत्तपत्रावर अभ्यवेक्षकाची निळी पेन्सिल, मोजदाद करणारे सरकारचेच लोक. आणि एवढे असूनही चौथा हिस्सा मते विरोधात गेल्याची कबुली द्यावी लागली. सालाझार ह्यांनी त्यावरून बोध घेतला. १९५९ मध्ये त्यांनी घटनाच बदलली आणि अध्यक्षाची निवड जनतेकडून काढून एका निवडक मंडळाकडे सोपविली. जनता चुकीचे मत देऊ लागली, तेव्हा त्यांनी मतच काढून घेतले. देल्गादु ह्यांना परागंदा व्हावे लागले आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये स्पेनच्या सरहद्दीत ‘पीदे’च्या मारेकऱ्यांनी त्यांचा खून केला.

आणि गोवा? १९५१ मध्ये सालाझार ह्यांनी कायद्याच्या पुस्तकातून ‘वसाहत’ हा शब्द खोडून ‘सागरपार प्रांत’ हा शब्द घातला. गोमंतक गुलाम नाही, तो पोर्तुगालचा प्रांतच आहे, गोमंतकीयांचे प्रतिनिधी लिस्बनच्या सभेत बसतात, मग मुक्ती कसली मागता, असा त्यांचा जगापुढचा युक्तिवाद होता. वाचकहो, हा युक्तिवाद कोठे ऐकल्यासारखा वाटतो का? त्या प्रांतात सभा घ्यावयास परवाना लागे, वृत्तपत्राची ओळन् ओळ तपासली जाई, लग्नपत्रिकासुद्धा अभ्यवेक्षकाच्या शिक्क्यावाचून छापता येत नसे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया ह्यांनी मडगावात सभाबंदी मोडली. त्यानंतर त्रिस्ताव द ब्रागांझ कुन्हा ह्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात डांबण्यात आले. मोहन रानडे हे तर गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले. १९६९ मध्ये ते सुटले. ज्या राज्यात प्रतिनिधी सभेत बसतो आणि ज्यांचे प्रतिनिधित्व करावयाचे ते कारागृहात बसतात, त्या राज्यातील निवडणुकीला आम्ही निवडणूक म्हणावे काय?

येथे कोणी विचारील की, सर्व सत्ता हाती असलेल्या हुकूमशहाने निवडणुकांचा खटाटोप करावाच कशाला? त्यातच खरी मेख आहे. पहिले कारण परदेशी प्रतिष्ठेचे. पोर्तुगाल १९४९ मध्ये ‘नाटो’ ह्या स्वतंत्र जगाच्या रक्षकांच्या संघटनेत संस्थापक सभासद म्हणून बसला आणि १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला. अशा पंक्तीत बसावयाचे तर कपाळाला निदान लोकशाहीचे गंध हवे. दुसरे कारण हेरगिरीचे. विरोधक कोण आणि किती हे निवडणुकीत उघडे पडतात. तिसरे कारण सर्वांत घातक. खोट्या निवडणुकीत भाग घेणारा प्रत्येक मनुष्य त्या खोटेपणाचा थोडाथोडा भागीदार होतो. कारकून खोटी बेरीज लिहितो, शिक्षक खोट्या यादीवर खूण करतो, मतदार बदली होईल ह्या भीतीने ठरलेली चिठ्ठी पेटीत टाकतो. आणि मग एकमेकांच्या डोळ्याला डोळा भिडविण्याचे धैर्य कोणालाच उरत नाही. तोफांनी शरीर दबते, असल्या निवडणुकांनी मन दबते.

सालाझार गेले, पण त्यांची विद्या गेली नाही. उलट ती अधिक सफाईदार झाली. शेजारच्या पाकिस्तानात अयूबखान ह्यांनी १९५९ मध्ये ‘मूलभूत लोकशाही’ नावाची योजना काढली. लोकांनी ऐंशी हजार स्थानिक सभासद निवडावे आणि त्या ऐंशी हजारांनी अध्यक्ष निवडावा. कोट्यवधींना धमकाविणे कठीण, ऐंशी हजारांना सांभाळणे सोपे! जानेवारी १९६५ मध्ये जिनांच्या भगिनी फातिमा जिना ह्या अयूबखानांविरुद्ध उभ्या राहिल्या, सभा गाजल्या, पण ऐंशी हजारांनी आपले काम चोख केले. चारच वर्षांनी, १९६९ च्या मार्चमध्ये, रस्त्यावर उतरलेल्या त्याच जनतेपुढे अयूबखानांना पायउतार व्हावे लागले. बांगलादेशात २०१४ च्या निवडणुकीत तीनशेपैकी एकशे त्रेपन्न जागा बिनविरोध झाल्या; म्हणजे पहिले मत पडण्यापूर्वीच बहुमत सिद्ध! जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा निवडणूक ‘जिंकलेल्या’ शेख हसीना ह्यांना त्याच वर्षी ५ ऑगस्टला देश सोडून पळावे लागले. रशियात २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी युद्धविरोधी उमेदवाराचा अर्ज सह्यांत दोष काढून बाद करण्यात आला. सर्वांत मोठा विरोधक अलेक्सेई नवाल्नी महिनाभर आधी उत्तर ध्रुववृत्तातील तुरुंगात मरण पावला. आणि पुतिन ह्यांना सत्त्याऐंशी टक्क्यांहून अधिक मते मिळाल्याचे जाहीर झाले.

ह्या नव्या पद्धतीस स्टीव्हन लेवित्स्की व लुकन वे ह्या राज्यशास्त्रज्ञांनी २००२ साली ‘स्पर्धात्मक सर्वाधिकारशाही’ असे नाव दिले. नाव बोजड आहे, अर्थ सोपा आहे. कुस्ती होते, हलगी वाजते, प्रेक्षक जमतात. फक्त एका मल्लाचा हात पाठीशी बांधलेला असतो आणि पंच दुसऱ्याच्या घरचा असतो. सालाझार ह्यांना विरोधी पक्ष नकोच होता. आजच्या चतुर राज्यकर्त्याला तो हवा असतो, कारण हरावयास कोणीतरी लागतो. त्याच्या राज्यात वृत्तपत्र बंद होत नाही, त्याचा मालक बदलतो. विरोधकाला राजद्रोहाची शिक्षा होत नाही, त्याच्यावर कराची नोटीस निघते. न्यायालयाला टाळे लागत नाही, न्यायाधीशाची नेमणूक मात्र हिशेबाने होते. प्रत्येक गोष्ट कायद्यात बसते आणि सर्व गोष्टी मिळून कायद्याचा गळा घोटतात.

मग खऱ्या लोकशाहीची कसोटी कोणती? आमच्या मते ती एकच आहे. राज्यकर्ता हरू शकतो काय, आणि हरल्यावर घरी जातो काय? आपल्या देशानेही ही परीक्षा दिली आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर अभ्यवेक्षण बसले, विरोधी नेते तुरुंगात गेले, लोकसभेची मुदत वाढविण्यात आली. तो मार्ग सरळ लिस्बनकडे जाणारा होता. परंतु १९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली, पंतप्रधान स्वतःच्या मतदारसंघातही पराभूत झाल्या आणि त्यांनी पद सोडले. तेव्हा हा देश वाचला तो भाषणांनी नव्हे. मते मोजणाऱ्यांनी ती खरी मोजली म्हणून वाचला.

दुसरे उदाहरण आम्हां विलीनीकरणवाद्यांना कडू आहे, पण ते सांगितल्यावाचून आमची लेखणी प्रामाणिक ठरणार नाही. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, ह्यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. भाऊसाहेब बांदोडकर ह्यांचे मंत्रिमंडळ विलीनीकरणाच्या बाजूचे होते. ते सत्तेवर असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, अशी हरकत निघाली. तेव्हा त्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि कौल राष्ट्रपती राजवटीत घेण्यात आला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. आमचा पक्ष चौतीस हजारांनी हरला. आमच्या काळजाला तो घाव बसला. पण मतपेट्या खोट्या होत्या असे कोणी म्हटले नाही, दंगल झाली नाही, आणि काही आठवड्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच गोमंतकीयांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसविले. सालाझारच्या जोखडाखालून सुटून जेमतेम पाच वर्षे झालेल्या त्या लहानशा प्रदेशाने लोकशाही म्हणजे काय हे जगाला दाखविले. सत्ताधारी खुर्ची सोडून रिंगणात उतरला, हरला, आणि हरल्याचे त्याने मान्य केले!

आम्ही एवढेच विचारतो की, जो कौल पणजीला मिळाला तो बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवारला का नाकारला गेला? खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही चार तत्त्वे आमच्या चळवळीने पहिल्यापासून मांडली. १९६७ मध्येच महाजन आयोगाचा अहवाल आला, पण लोकांना त्यांची इच्छा पेटीतून विचारण्याची बुद्धी कोणासही झाली नाही.

येथे आम्ही मर्यादाही सांभाळू. कर्नाटकाचे सरकार म्हणजे सालाझार नव्हे. हा लेख छापण्यापूर्वी तो आम्हांस कोणत्याही अभ्यवेक्षकाला दाखवावा लागत नाही. बंगळुरास सरकारे हरतात आणि बदलतात. २००४ साली महाराष्ट्राला सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावता आले. आपल्या दुःखाची तुलना पेनिशच्या किल्ल्याशी करणे हा तेथे खितपत पडलेल्यांचा अपमान होईल. परंतु विषाचा वृक्ष वेगळा आणि विषाचे बी वेगळे. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला आणि लोकनियुक्त महापालिका बरखास्त झाली. २०११ साली काळ्या दिनाच्या कार्यक्रमात महापौरांनी भाग घेतल्यावरून वादळ उठले आणि ती पुन्हा बरखास्त झाली. मत द्या, पण आम्हांस आवडेल तेच द्या. सभागृह भरवा, पण आम्हांस रुचेल तोच ठराव करा, हा विचार १९५९ मध्ये लिस्बनला घटना बदलणाऱ्यांच्या विचाराचा सख्खा भाऊ आहे. लोकनियुक्त सभेचा ठराव अमान्य करण्याचा अधिकार सरकारला असेल. ठराव केला म्हणून सभाच मोडण्याचा अधिकार लोकशाहीत कोणालाही असता कामा नये.

आता दोन शब्द आपल्याच माणसांशी. २०१८ आणि २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. ह्याचे सारे खापर परक्यांवर फोडणे सोपे आहे, पण ते खरे नाही. एकाच मतदारसंघात समितीच्या नावाने दोन-दोन उमेदवार उभे करणारे आणि घरातल्या भांडणाला तत्त्वाचा मुलामा देणारे आम्हीच आहोत. जो पक्ष स्वतःच्या घरात मत मोजून निर्णय घेत नाही, त्याने दुसऱ्याला लोकशाही शिकवू नये. अशा पराभवानंतर काही तरुण म्हणू लागतात की, निवडणुका हे सोंगच आहे, बहिष्कार घाला. आणि काही म्हणतात की, एखादा खमक्या हुकूमशहाच हवा, तोच सीमाप्रश्न एका रात्रीत सोडवील. पहिल्यांना आम्ही देल्गादु ह्यांची आठवण देतो. बहिष्कारांनी जे साधले नव्हते ते त्यांनी खोट्या निवडणुकीत उभे राहून साधले. राजवटीचे कपडे भर बाजारात उतरले. दुसऱ्यांना आम्ही इतकेच विचारतो की, खमक्या पुरुषाने रेघ तुमच्या बाजूने ओढली नाही, तर तुम्ही कोणाकडे दाद मागणार?

शस्त्र एकच आहे, आणि ते म्हणजे मताचा हिशेब. मेक्सिकोत एकाच पक्षाने एकाहत्तर वर्षे राज्य केले. १९८८ च्या मतमोजणीच्या रात्री तेथील सरकारने गणकयंत्रणाच बंद पडल्याचे सांगितले. लोकांनी स्वतंत्र निवडणूक संस्थेचा आग्रह धरला, ती १९९६ मध्ये सरकारच्या हातून सोडविली, आणि २००० साली तो पक्ष मतपेटीनेच घरी गेला. व्हेनेझुएलात जुलै २०२४ मध्ये सरकारने केंद्रवार आकडे न दाखविताच विजय जाहीर केला. परंतु विरोधी कार्यकर्त्यांनी मतदान केंद्रांतून मतमोजणीचे ताव जिवापाड जपून आणले, ते जगापुढे मांडले आणि खोटे उघडे पाडले. आपल्या कायद्यात तर प्रत्येक केंद्रावरील उमेदवाराच्या प्रतिनिधीला नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची प्रत, म्हणजे ‘सतरा सी’चा नमुना, मिळण्याचा हक्क आहे. आमच्या किती प्रतिनिधींनी तो कागद मागून घेतला? आपल्या गल्लीची मतदारयादी आमच्यापैकी किती जणांनी निवडणुकीपूर्वी ओळीने वाचली? सभेत घसा फोडणारे शेकडो, आणि यादी घेऊन दारोदार फिरणारे बोटांवर मोजण्याइतके!

२५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालची ती राजवट कोसळली, आणि बरोबर एका वर्षाने तेथे पहिली खरी निवडणूक झाली. नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे एक्क्याण्णव टक्के लोकांनी मतदान केले. ज्या लोकांना राजकारणाची आवड नाही असे अर्धशतक जगाला सांगितले गेले, तेच लोक त्या दिवशी रांगेत उभे होते. सीमावासीयांनाही त्यांचे मत एक दिवस खरोखर विचारले जाईल, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. तो दिवस येईल तेव्हा आपली यादी नीट असावी, आपला उमेदवार एक असावा, आणि निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी १९६७ च्या गोमंतकाप्रमाणे तो मस्तकी धरण्याची तयारी असावी. ही तयारी ज्याच्यापाशी आहे, त्यालाच दुसऱ्याकडे कौल मागण्याचा अधिकार पोचतो. तो अधिकार आम्ही मागत आलो आहोत, आणि मिळेपर्यंत मागत राहणार आहोत.